खांब लाल रंगवण्याआधी शतक ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका संग्रहालयात ह्युएन त्संगच्या प्रवासावर दालन होतंय, त्याचं प्रवेशद्वार तुम्हाला चिनी मंदिराच्या धर्तीवर करायचंय. तीन खणांची दर्शनी बाजू, छताची उंची ४.२ मीटर. मूडबोर्डवर, म्हणजे कल्पनेसाठी जमवलेल्या चित्रांच्या फलकावर, लाल खांब, पिवळी चकाकती कौलं, सोनेरी ड्रॅगन आणि गोल कंदील आहेत. आणि तुमचीच भीती अशी की हे सगळं शेवटी चायनीज रेस्टॉरंटसारखं दिसेल.

दिसणारच. पण त्यात लाल रंगाचा काही दोष नाही. मूडबोर्डवरच्या वस्तू एकाच घरातल्या नाहीत, ही खरी गडबड आहे. उद्या कुणी चिनी डिझायनरने 'भारतीय देऊळ' म्हणून हेमाडपंती मंडपावर दाक्षिणात्य गोपुर चढवलं आणि पुढे मंगेशीची दीपमाळ उभी केली, तर आपल्याला जसं वाटेल तसंच ते चिनी माणसाला वाटतं. पिवळी झिलईदार कौलं ही मिंग आणि चिंग या बऱ्याच नंतरच्या घराण्यांच्या काळातल्या राजवाड्यांची खूण आहे. ती बादशहाच्या वास्तूंसाठी आणि त्याने मान दिलेल्या मोजक्या मंदिरांसाठी राखीव होती. ह्युएन त्संग वारला ६६४ मध्ये. तुम्ही त्याला त्याच्यानंतर सात-आठशे वर्षांनी बांधलेल्या दारातून बाहेर काढताय.

म्हणून पहिलं काम स्केच काढण्याचं नाही, चार गोष्टी ठरवण्याचं आहे: शतक कुठलं, प्रांत कुठला, देव कुठला आणि वास्तूचा मान किती. तुमच्या बाबतीत हे सोपं आहे, कारण माणूसच ठरलेला आहे. सातवं शतक, तांग घराणं, राजधानी चांगआन म्हणजे आजचं शीआन, बौद्ध मठ.

आता अडचण अशी की सातव्या शतकातली लाकडी इमारत चीनमध्ये एकही उभी नाही. लाकूडच ते, आग, वाळवी, लढाया, आणि ८४५ मध्ये बादशहाच्या हुकुमाने झालेली बौद्ध मठांची पाडापाडी. आज टिकलेलं सगळ्यात जुनं लाकडी बांधकाम म्हणजे शान्शी प्रांतात वूताई पर्वताच्या परिसरातल्या नानचान मठाचं मुख्य दालन. ते ७८२ चं आणि जेमतेम तीन खणांचं आहे. त्याच भागात फोग्वांग मठाचं पूर्व दालन आहे, ८५७ चं, सात खणांचं. लियांग सिचेंग आणि त्यांची पत्नी लिन हुईयिन हे दोघे वास्तुतज्ज्ञ १९३७ च्या जूनमध्ये खेचरांवरून तिथे पोचले. वायव्य चीनमधल्या तुन्हुआंगच्या बौद्ध लेण्यांपैकी ६१ क्रमांकाच्या लेण्यात वूताई पर्वताचं एक भलंमोठं भित्तिचित्र आहे, त्यात या मठाचं नाव होतं. तो धागा धरून ते गेले होते. माळ्यावर वटवाघळं आणि ढेकूण. तुळईच्या पोटाशी पुसट शाईची अक्षरं आहेत हे आधी लिनबाईंच्या लक्षात आलं. धूळ धुऊन काढल्यावर दान देणाऱ्या एका स्त्रीचं नाव मिळालं, आणि तेच नाव दालनासमोरच्या ८५७ च्या दगडी स्तंभावरही सापडल्यावर इमारतीचं वर्ष पक्कं झालं. मला ही हकिकत फार आवडते, म्हणून जरा रेंगाळलो.

तुमच्यासाठी मात्र त्याहून जवळचा पुरावा आहे. ह्युएन त्संगने भारतातून नेलेल्या पोथ्या ठेवायला शीआनमध्ये ६५२ साली मनोरा उभारला, तो 'मोठ्या रानहंसाचा मनोरा'. त्याला दगडी हवा होता, पण बादशहाच्या सल्ल्याने विटांचा झाला. आजचा सात मजली आकार पुढच्या शतकाच्या सुरुवातीच्या पुनर्बांधणीतला आहे. त्याच्या पश्चिमेकडच्या दाराच्या वरच्या दगडावर बारीक रेषांनी एक बुद्धदालन कोरलेलं आहे: खांब, त्यांवरचे कंस, कौलारू छप्पर, आढ्याच्या दोन टोकांना माशाच्या शेपटीसारखी वर वळलेली टोकं. तुमच्या नायकाच्या मनोऱ्यावरच तांग काळातल्या दालनाचं चित्र आहे. मूडबोर्ड उतरवा आणि त्या दगडाच्या ठशाची मोठी प्रिंट भिंतीवर लावा.

आता गाभ्याकडे येतो. चिनी मंदिरातून नक्षी उचलू नका, माप उचला.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. वाड्यात आपण घर खणांत मोजतो. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. पाच खणी सोपा म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लांबी उभी राहते. चिनी वास्तूत हेच एकक आहे, त्याला ते 'ज्येन' म्हणतात. खण विषम संख्येत, मधला रुंद, कडेचे त्याहून अरुंद. भिंती भार घेत नाहीत, सगळा भार लाकडी सांगाड्यावर असतो. 'भिंत पडते, घर पडत नाही' अशी त्यांच्यात म्हणच आहे. तुमचे तीनही खण एकाच मापाचे काढलेत, तिथेच चित्र बिघडलंय. मधला खण रुंद करा, नुसत्या तेवढ्याने निम्मा फरक पडेल.

खणाच्या आत आणखी बारीक माप आहे. सोंग घराण्याच्या काळात ली जिये नावाच्या अधिकाऱ्याने सरकारी बांधकामाचा नियमग्रंथ लिहिला, 'यिंगझाओ फाशी'. तो ११०३ मध्ये छापला गेला. त्यात सगळ्या इमारतीचं मूळ एका लाकडाच्या छेदात आहे: उंची १५ भाग, रुंदी १० भाग. या छेदाला 'त्साय' म्हणतात आणि एका भागाला 'फन'. इमारत जितकी मानाची तितका त्साय मोठा, अशा आठ पायऱ्या. एकदा त्साय ठरला की कंसाच्या हातापासून तुळईपर्यंत सगळं त्या भागांत सांगता येतं. ग्रंथ तांग काळानंतरचा असला तरी पद्धत त्याआधीपासूनची आहे, आणि तुमच्या सुताराला सांगायला याहून सोपी भाषा नाही.

खांबाच्या डोक्यावर बसणाऱ्या कंसांच्या जुडग्याला 'दोउगोंग' म्हणतात. 'दोउ' म्हणजे ठोकळा, 'गोंग' म्हणजे हात. खाली एक मोठा ठोकळा, त्याच्या खाचेत एकमेकांना छेदणारे दोन हात, हातांच्या टोकांवर छोटे ठोकळे, त्यांवर पुन्हा हात. असं करत करत ते जुडगं छपराची पागोळी, म्हणजे पुढे आलेली कड, बाहेर ढकलत नेतं. सांधे खाचांचे, खिळा नाही. फोग्वांगमध्ये या जुडग्यांची उंची खांबाच्या उंचीच्या जवळपास निम्मी आहे आणि पागोळी सुमारे चार मीटर बाहेर आलेली आहे. खाली उभं राहिलं की जाणवतं, हे छप्पर अक्षरशः तोलून धरलंय. त्यातच 'आंग' नावाची तिरकी दांडी असते. तिचं पुढचं टोक पागोळीचा भार घेतं आणि मागचं टोक आतल्या छपराच्या वजनाखाली दबलेलं असतं. शाळेच्या मैदानातला सी-सॉ आठवा.

चिंग काळापर्यंत हे सगळं आक्रसलं. पेइचिंगच्या राजवाड्यातलं सर्वोच्च मानाचं दालन आज दिसतं ते १६९५ च्या पुनर्बांधणीतलं. तिथे कंस लहान आहेत, दोन खांबांमध्ये दाटीवाटीने ओळीने बसवलेले, रंगीत, एखाद्या झालरीसारखे. तिरकी दांडीही नुसती चोचीच्या आकारापुरती उरली. तुमच्या मूडबोर्डवर जे आहे ते ही झालर.

माझी फजिती सांगतो. पहिल्या काही कामांपैकी एकात मी एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड, कापून असे कंस बनवले आणि फॉल्स सीलिंगखाली कॉर्निससारखे चिकटवले. पावसाळ्यात एमडीएफ फुगलं, ते वेगळं. पण त्याआधीच आमच्या सुताराने विचारलं होतं, "साहेब, ह्यावर काय बसणारे?" काहीच बसणार नव्हतं. त्याला ते दिसलं, मला दिसलं नाही.

तर तुमच्या मापात उतरवू. पहिला मोह होईल बाजारात सहज मिळणारं ७५ बाय ५० मिलिमीटरचं लाकूड घ्यायचा. गुणोत्तर बरोबर, १५ ला १०. एक फन म्हणजे ५ मिमी. दोन टप्पे बाहेर येणारं साधं जुडगं धरलं तर उंची ९६ फन, म्हणजे ४८० मिमी. खांब २.४ मीटरचा असेल तर जुडगं त्याच्या फक्त एक पंचमांश. म्हणजे सगळं नियमात बसवूनही ते चिंगसारखं किरटं दिसेल. लाकूड १२० बाय ८० घ्या. फन झाला ८ मिमी. आता जुडगं ७६८ मिमी, खांबाच्या जवळजवळ एक तृतीयांश. फोग्वांगचं निम्मं गाठलं नाही तरी डोळ्याला भार कळतो.

याच फनात बाकीची मापं. खालचा मोठा ठोकळा ३२ फन चौरस आणि २० फन उंच: २५६ आणि १६० मिमी. त्याच्या उंचीचे तीन थर करायचे. वरचे ८ फन म्हणजे 'कान', ज्यांच्यामध्ये हात बसतो. मधले ४ सरळ. खालचे ८ आत निमुळते होत जाणारे. हातांची लांबी ६२, ७२ आणि ९२ फन: ४९६, ५७६ आणि ७३६ मिमी. प्रत्येक टप्पा ३० फन बाहेर, म्हणजे २४० मिमी. छोटे ठोकळे १० फन उंच, त्यांतले वरचे ४ पुन्हा कान. हात त्या कानांत बसला की दोन हातांमध्ये ६ फनांची मोकळी फट उरते. १५ आणि ६ मिळून २१ फनांचा एक थर होतो, म्हणजे १६८ मिमी. असे चार थर आणि खालच्या ठोकळ्याचे कानाखालचे १२ फन, ही झाली ९६ ची बेरीज. ती फट बुजवू नका. आमच्याकडे फिनिशिंगवाले फट दिसली की पुट्टी भरतात. त्या फटीतून पलीकडचा उजेड दिसतो, म्हणून तर ते जड लाकूड हलकं वाटतं.

हाताची टोकं गोल करायची नाहीत. ग्रंथात ती चार-पाच छोट्या सरळ कापांनी वळवायला सांगितली आहेत, दुधी सोलताना सुरीचे पैलू उमटतात तशी. सीएनसीवाल्याला, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्राने लाकूड कापणाऱ्याला, ड्रॉइंग दिलंत की तो ती हमखास गुळगुळीत करून देईल. आधीच बजावून ठेवा.

दोन खांबांच्या मधल्या जागेत पुन्हा जुडगी भरू नका. मनोऱ्याच्या दगडावर तिथे नुसता उलट्या 'व्ही'सारखा आधार आहे: दोन पाय फाकवून उभ्या माणसासारखा. ही त्या काळाची खास खूण आहे, पुढे ती जवळजवळ नाहीशी झाली. बनवायला स्वस्त, आणि जाणकार माणूस लांबूनच ओळखेल की इथे कुणीतरी अभ्यास केलाय.

खांबांना जोडणारी आडवी पट्टी ३० फन, म्हणजे २४० मिमी. २.४ मीटरच्या खांबातून ती वजा केली की खाली २.१६ मीटर मोकळे राहतात, माणूस वाकल्याशिवाय जाईल. खांब वरच्या टोकाला किंचित निमुळते करा. कोपऱ्याचे खांब मधल्यांपेक्षा जरा उंच असतात; ग्रंथात तीन खणांच्या इमारतीला दोन 'चुन', साधारण ६ सेंटिमीटर, सांगितलेत. तुमच्या आकाराला २५ ते ३० मिमी पुरे. पागोळीची रेघ मधून कडेकडे हलकेच उचलली जाते ती यामुळे. कोपरा गाठून एकदम वर फेकलेली शिंगं हा दक्षिण चीनचा थाट. तो तुमच्या कामाचा नाही.

छपराच्या वळणाबद्दल मात्र सगळ्यात जास्त चुका पाहिल्यात. थ्रीडीमध्ये लोक एक छान वक्ररेषा ओढतात. प्रत्यक्षात ते वळण सरळ वाशांच्या तुकड्यांचंच आहे, आणि काढायची रीत तर आपल्या जुन्या मिस्त्रींना शोभेल अशी. सपाट भिंतीवर इमारतीचा छेद एक दशांश मापात काढायचा. आढं आणि पागोळीकडचं आडवं लाकूड यांच्यात सरळ रेघ मारायची. आढ्याखालचं पहिलं आडवं लाकूड त्या रेघेपासून एकूण चढाच्या एक दशांशाने खाली घ्यायचं. तिथून पागोळीकडे पुन्हा रेघ; दुसरं लाकूड एक विसांशाने खाली; मग एक चाळिसांशाने. चढ १२०० मिमी असेल तर १२०, ६०, ३०. झालं वळण.

तांग काळात चढ मंद होता. फोग्वांगमध्ये आढ्यापर्यंतची उंची छपराच्या रुंदीच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास आहे. उभं, टोकदार छप्पर दिसलं की ते नंतरचं समजा. आणि तुम्ही आढ्यापर्यंत जाऊच नका. ३.१७ मीटरवर पागोळीचं लाकूड येतंय, वर जेमतेम एक मीटर उरतो. त्यात अख्खं छप्पर कोंबलं तर ते टोपीसारखं दिसेल. पूर्ण छेद भिंतीवर काढा, पण बांधा फक्त खालचा भाग. वरचा दालनाच्या काळ्या छतात हरवू द्या. माणूस दाराखालून जाताना पागोळीचं पोटच पाहतो, आढं कुणीच पाहत नाही. वाचलेले पैसे पागोळी दीड मीटर बाहेर आणण्यात घाला. गोल वासे, वर राखाडी कौलं. नळीच्या कौलांचा जुना साठा कोकणात अजून मिळतो, त्यावर राखाडी चुन्याचा हात फिरवला की मला तरी ते काम चालतं. फक्त पहिल्या ओळीच्या टोकांना कमळाचे गोल ठसे लावायला विसरू नका.

रंग फारसा गुंतागुंतीचा नाही. तांग काळातली साधी पद्धत म्हणजे लाकूड लाल, भिंती पांढऱ्या, उभ्या गजांच्या खिडक्या हिरव्या. लाल म्हणजे चकाकणारा एनॅमल नव्हे. मातीचा लाल, आपला गेरू. मॅटच ठेवा. सोनं अजिबात नको. खांबाखाली दगडात उलट्या कमळाची बैठक द्या. फोग्वांगला तशी आहे, आणि तुमच्या विषयाला तर ती फारच साजते, कारण हे कमळ भारतातूनच तिकडे गेलं. ड्रॅगन आणि कंदील दोन्ही काढून टाका. अग्निरोधक लेप मात्र गेरूच्या आधी द्यावा लागतो. नंतर दिला तर रंग काळवंडतो, असा माझा अनुभव आहे.

आता पाटी. यात मी एकदा चांगलाच तोंडघशी पडलोय. एका कार्यक्रमाच्या मंचावर प्रवेशद्वारावर मी चिनी पाटी लावली होती, इंटरनेटवरून उचललेली. एका चिनी अभ्यासक बाईंनी ती वाचली आणि हसून तीन गोष्टी सांगितल्या. मजकूर होता 'दाश्योंग बाओद्येन', म्हणजे 'महावीराचं रत्नदालन'. हे महावीर म्हणजे बुद्धच. पण ती पाटी मुख्य दालनावर असते, दारावर नाही. अक्षरं १९५६ नंतरची सोपी केलेली होती, आणि वाचायचा क्रम डावीकडून उजवीकडे. जुन्या आडव्या पाट्या उजवीकडून डावीकडे वाचतात. तुम्ही लावणार असाल तर ज्या मठात ह्युएन त्संग भाषांतरं करत बसला त्याचं नाव, पारंपरिक अक्षरांत, जाणकाराकडून लिहून घ्या. नाहीतर पाटी कोरी ठेवा. कोरी पाटी चुकत नाही.

मूर्तींचंही तसंच. क्वान यिन ही पूजेतली देवता आहे. तिला सेल्फीच्या कोपऱ्यात उभी करू नका.

मुंबईत असाल तर माझगावचं चिनी मंदिर बघून या. १९१९ मध्ये क्वांगतुंग प्रांतातून आलेल्या खलाशांच्या समाजाने बांधलेलं, क्वान कुंग या वीरदेवतेचं. जागा छोटी, वर जिना चढून जावं लागतं, उदबत्त्यांनी भिंती काळवंडलेल्या. त्यातलं काहीही तुमच्या दारात वापरू नका. प्रांत वेगळा, शतक वेगळं, देव वेगळा. मूडबोर्ड बनवणाऱ्याला 'चिनी मंदिर' या एका शब्दात किती घरं आहेत ते तिथे पाच मिनिटांत कळतं. उलट्या दिशेचं उदाहरण हवं असेल तर चीनमधल्या ल्वोयांगच्या श्वेताश्व मठात भारताने सांचीच्या स्तूपाच्या धर्तीवर बुद्धमंदिर बांधून दिलंय. २०१० मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी त्याचं उद्घाटन केलं. त्याचे फोटो बघा आणि आपल्याला त्यात काय बरोबर वाटतं, काय खटकतं याची यादी करा. चिनी प्रेक्षक तुमच्या दाराकडे त्याच नजरेने बघणार आहे.

आता सुताराकडे जायच्या आधी एकच करा. मधल्या खणाच्या डावीकडच्या खांबाचं एक जुडगं पूर्ण मापात, पाइनमध्ये, गोंद न लावता बनवून घ्या. जमिनीवर ठेवा, वरून २५ किलोची सिमेंटची अर्धी गोणी ठेवा आणि एक रात्र तसंच राहू द्या. सकाळी खाचा सुटलेल्या नसतील, हात वाकडे झालेले नसतील, तर त्याचा समोरून नव्हे, बाजूने काढलेला फोटो मला पाठवा. बाकीच्या तिघांची ऑर्डर त्यानंतर द्या.